दोन-दोन मेंढ्या झाल्यास

साहेबांनी मला सांगितलं, "केरू, पत्त्यांच्या खेळाचा पहिला नमुना आणि आता बाजारात जाणारा खेळ, यांत काय काय फरक आहे ते एका पानात लिहून दे. फाइलला लावायचंय." मी लिहून दिलं. त्यात सात फरक होते, सातही खरे होते, आणि साहेबांनी खाली 'पाहिले' असं लिहून सही केली. जे त्या पानात मावलं नाही ते साहेबांच्या फाइलचं नव्हतंच, म्हणून इथे लिहितो.

आमची कंपनी सातपूरला. मूळ धंदा कारखान्यांना लागणारे कंट्रोल पॅनेल जोडून देण्याचा. १९८६ साली साहेबांच्या डोक्यात आलं की घरोघरी टीव्ही आलेत, तर टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आपणच का बनवू नये. बनवला. मग प्रश्न आला की लोकांनी तो घेऊन करायचं काय. त्यावर साहेबांनी ठरवलं की सोबत तीन कॅसेटी द्यायच्या. एक पाढ्यांची, एक वाणसामानाच्या यादीची आणि एक पत्त्यांच्या खेळाची. पत्ते माझ्याकडे आले, कारण कंपनीतल्या डिप्लोमावाल्यांत मेंढीकोट येणारा मी एकटाच निघालो.

ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौघांत बावन्न पत्ते वाटायचे. समोरासमोरचे दोघे भिडू. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात, असे तेरा हात. चार दश्श्या असतात, त्यांना मेंढ्या म्हणायचं. तीन मेंढ्या पकडणारी बाजू जिंकते, चारही पकडल्या तर कोट होतो आणि समोरच्याची आठवडाभर नाचक्की. हरलेल्या बाजूने पत्ते पिसायचे. जिंकलेला भिंतीला टेकून बसतो आणि म्हणतो, "नीट पिस." हे तो म्हणतोच. खरं तर खेळ त्यासाठीच खेळतात.

राहिला प्रश्न दोन-दोन मेंढ्या झाल्या तर काय. त्या प्रश्नाने आमच्या घराची सहा वर्षं खाल्ली.

आमच्या कॉलनीत आमचं घर आणि सहादूकाकांचं घर समोरासमोर, मध्ये अकरा पावलांचा रस्ता. माझे बाबा, पुंजाराम, सरकारी कचेरीत कारकून. सहादूकाका म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर. दोघे चांदवडकडच्या एकाच गावचे, एकाच साली नाशकात आले, एकाच दिवशी दोघांनी घराचा पाया खणला. रविवारी सकाळी विहारात वंदना आणि दुपारी काकांच्या ओट्यावर मेंढीकोट, हा क्रम मी शाळेत होतो तेव्हापासूनचा. एका बाजूला बाबा आणि आई, दुसऱ्या बाजूला काका आणि कुसाकाकू. पैसे लावून खेळणाऱ्याला ते दोघे ओट्यावर चढू देत नसत.

१९८०च्या मार्चमधल्या एका रविवारी डाव संपला तेव्हा मेंढ्या दोन-दोन झाल्या होत्या. बाबांच्या बाजूचे हात सात, काकांच्या बाजूचे सहा.

"सात हात माझे. पिस," बाबा म्हणाले.

"दोन-दोन म्हणजे बरोबरी," काका म्हणाले. "डाव रद्द. हा डाव तू पिसला होतास, आता परत तूच पिस."

"आमच्या गावात हात मोजतात."

"आपलं गाव एकच हाय, पुंजा."

यापूर्वी दोन-दोन कधी झाल्याच नसतील असं नाही. पण तेव्हा कुणीतरी हसत पत्ते गोळा केले असतील. त्या दिवशी कुणी केले नाहीत. ऊन होतं, कुसाकाकूंचा चहा उशिरा आला, आणि आदल्या आठवड्यात बाबांवर कोट झाला होता. कारण काहीही असो, अर्ध्या तासाने बाबा उठले, आपल्या बाजूने जिंकलेले अठ्ठावीस पत्ते उचलले आणि घरी आले. काकांनी आपले चोवीस उचलले आणि आत गेले.

तेव्हापासून बावन्न पत्त्यांचा तो एक कॅट दोन घरांत होता. आमचे अठ्ठावीस खिडकीशेजारच्या कोनाड्यात, त्यांचे चोवीस त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत. बाबा नवा कॅट घेऊन देईनात. आईने एकदा आणला तर म्हणाले, "परत कर. डाव अजून चालू हाय." ओट्यावरचा खेळ बंद पडला. विहारात दोघे दोन टोकांना बसत. एकमेकांना जयभीम घालत नसत, पण वंदना एका सुरात म्हणत, कारण ती सगळ्यांनाच म्हणावी लागते. आई आणि कुसाकाकू यांच्यात काहीच बिघडलं नव्हतं. कालवणाची वाटी जात होती, येत होती. रविवारची दुपार मात्र बाबांना खायला उठायची. बाबांना दुसरा मित्र नव्हता. चांगला माणूस, पण त्यांना एकच मित्र पुरायचा आणि तोच समोर राहत होता.

तर असं सगळं असताना मी खेळ लिहायला बसलो. दुसरे पत्ते खेळणारे मला माहीत नव्हते, म्हणून मी यांनाच आत घातलं. पडद्यावर चार जागा. खालची जागा जो खेळेल त्याची. ओट्यावरच्या खेळात ती आईची होती. आई म्हणाली, "बरंय, मला नको कुणी बघायला." बाकीच्या तिघांची नावं मी इंग्रजी अक्षरांत लिहिली, कारण मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती. समोर पुंजाराम, उजवीकडे सहादू, डावीकडे कुसाबाई. सहादूला मी हुकमाचे पत्ते शेवटपर्यंत दाबून ठेवायला शिकवलं. कुसाबाई पान बघायच्या आधी टाकायच्या. पुंजारामला पान टाकायला वेळ लागला पाहिजे होता, म्हणून त्यांची पाळी आली की मशीनला एकपासून तीन हजारपर्यंत नुसतं मोजायला लावलं. तीन हजार मोजून झाले की पुंजाराम पान टाकायचे, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं. सहादू लागोपाठ तीन डाव हरले की पाणी प्यायला उठायचे. तेवढा वेळ पडदा थांबायचा.

आणि सुरुवातीलाच मशीन एक प्रश्न विचारायचं. कोणाच्या नियमाने? एक दाबलं तर पुंजारामचा, म्हणजे दोन-दोन झाल्यास हात मोजायचे. दोन दाबलं तर सहादूचा, म्हणजे डाव रद्द. माझी दोघांपैकी एकालाही चूक ठरवायची हिंमत नव्हती. मशीनमध्ये जागा होती, म्हणून दोन्ही ठेवले.

खेळ घरी करून बघायचा तर टीव्ही लागणार. आमच्याकडे नव्हता. कॉलनीच्या आमच्या ओळीत एकच होता, सहादूकाकांचा. एका रविवारी मशीन, टेपरेकॉर्डर आणि वायरींची पिशवी घेऊन मी समोर गेलो. आईही आली. बाबा आले नाहीत. ते आमच्या ओट्यावर मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घालत उभे राहिले. मोगऱ्याला त्या दुपारी तीनदा पाणी मिळालं.

टेपरेकॉर्डरमधून खेळ मशीनमध्ये भरेपर्यंत कॅसेट सहा मिनिटं किंचाळत होती. कुसाकाकू म्हणाल्या, "बिघडलं का रे ते?" मग पडदा आला. प्रश्न आला. काकांनी चष्मा पुसला, प्रश्न वाचला, परत वाचला.

"त्याचा नंबर पहिला का?" त्यांनी विचारलं.

"अक्षरांच्या क्रमाने घेतलेत, काका. पी आधी येतो."

ते शाळामास्तर होते, त्यांना हे पटलं. त्यांनी दोन दाबलं. मग चार डाव खेळले. खालच्या जागेवर बसल्यामुळे त्यांचे भिडू पुंजाराम होते आणि विरुद्ध बाजूला ते स्वतः. पहिल्या डावात पुंजारामची पाळी आली. मशीन मोजत बसलं. काका वाट बघत बसले.

"हा असाच करतो," काका म्हणाले. "बोटात पान धरून ठेवतो आणि शेवटी टाकतो भलतंच."

पुंजारामने भलतंच टाकलं. काकांना हसू फुटलं. सहा वर्षांत त्यांनी बाबांबद्दल रागाशिवाय काढलेला हा पहिला शब्द. वायर तपासायच्या निमित्ताने मी टीव्हीच्या मागे गेलो. त्या दुपारी काका आणि पुंजाराम यांनी सहादू आणि कुसाबाई यांना चारपैकी तीन डाव हरवलं. दोन-दोन एकदाही झाल्या नाहीत.

निघताना काका म्हणाले, "दोन्ही ठेवलेस ते बरं केलंस. विचारावं माणसाला."

घरी जेवताना बाबांनी भाकरी मोडत विचारलं, "काय विचारतंय म्हणे ते सुरुवातीला?"

"कोणाच्या नियमाने."

"मग?"

"काकांनी दोन दाबलं."

"दाबणारच," बाबा म्हणाले. पण ते रागावले नव्हते. पुढे आठवडाभर ते रोज काहीतरी विचारत होते. मी किती वेळ लावतो पान टाकायला? पाणी प्यायला उठतो का तो अजून? मला वाटू लागलं की एखाद्या रविवारी ते रस्ता ओलांडतील. मी मशीन परत न्यायची घाई करत नव्हतो.

पण मशीन कंपनीचं होतं. साहेबांनी नमुना बघायला मागितला.

साहेब क्लबात ब्रिज खेळायचे. मेंढीकोट त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी खेळ चालू केला आणि पुंजारामची पाळी येताच म्हणाले, "अडकलं का?" मी म्हटलं, विचार करतंय. "कॉम्प्युटरला विचार कशाला करावा लागतो?" तीन हजार मोजणं गेलं. सहादूंचं पाणी गेलं. नावं वाचून ते म्हणाले, "हे कोण लोक आहेत? गिऱ्हाइकाला काय कळणार?" नावं गेली. तिथे खेळाडू एक, दोन, तीन आले, आणि तिघेही सारख्याच वेगाने, सारख्याच शहाणपणाने खेळू लागले. आपल्याकडे पाळी उजवीकडे जाते, ब्रिजमध्ये डावीकडे जाते, तर ती डावीकडे गेली. राहता राहिला सुरुवातीचा प्रश्न.

"हे काढ," साहेब म्हणाले. "माणूस खेळायला बसला की त्याला खेळू द्यावं, त्याची परीक्षा घेऊ नये. एक नियम ठेव."

"कोणता, सर?"

"तेरा हात आहेत ना? तेरा विषम आहे. हात मोजले की कुणीतरी जिंकतोच. तो ठेव. रद्द काय करायचं? आणि जागा किती वाचते बघ."

एकशे ब्याण्णव बाइट वाचले. माझा एक वर्षाचा उमेदवारीचा काळ संपायला दीड महिना होता आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी भांडलो नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

खेळाबरोबर एक छापील पत्रक द्यायचं होतं. तेही मीच लिहिलं. नियम क्रमांक नऊ असा होता: 'दोन्ही बाजूंना दोन-दोन मेंढ्या झाल्यास सात किंवा अधिक हात करणारी बाजू विजयी समजावी.' पत्रकं छापून आली तेव्हा एक माझ्या पिशवीत राहिलं. बाबांना पिशव्या तपासायची सवय नव्हती, पण छापील कागद दिसला की तो वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कारकुनीची तीस वर्षं झाली होती.

त्यांनी नियम नऊ उभ्याने वाचला. मग खुर्चीत बसून वाचला.

"हे कंपनीचं अधिकृत हाय?"

"हो, पण बाबा, ते साहेबांनी जागा वाचवायला..."

"छापील हाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पत्रक घेऊन ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्याकडे पत्रकाची झेरॉक्स होती, तिच्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का होता, आणि शिक्क्याखाली राजपत्रित अधिकाऱ्याची सही. दाखले साक्षांकित करायच्या गठ्ठ्यात त्यांनी ती मध्ये घातली होती. ती प्रत त्यांनी नियम नऊखाली लाल रेघ मारून कुसाकाकूंच्या हाती दिली, त्या वाटी परत करायला आल्या होत्या तेव्हा. आई म्हणाली, "अहो, कशाला?" बाबा म्हणाले, "त्याला कळू दे. कॉम्प्युटरने सांगितलंय." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या डिप्लोमाच्या निकालालाही पाहिला नव्हता. ते दाराशी खुर्ची टाकून बसले. मला वाटतं त्यांची अपेक्षा अशी होती की काका चिडून ओट्यावर येतील, भांडतील, आणि भांडता भांडता पिसायला बसतील.

काका आले नाहीत. अर्ध्या तासाने कुसाकाकू आल्या. त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं आणि वहीचा एक कागद. कागदावर मास्तरी अक्षरात लिहिलं होतं: 'पत्ते चोवीस. मोजून घ्यावेत.'

बाबांनी मोजले. चोवीस भरले. मग त्यांनी कोनाड्यातले अठ्ठावीस काढले आणि शेजारी ठेवले. आमच्या पत्त्यांची पाठ खिडकीच्या उन्हाने फिकट पडली होती, काकांच्या पत्त्यांची निळीच्या निळी होती. बावन्न झाले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. डाव संपला होता, ते जिंकले होते, आणि पिसायला कुणी नव्हतं.

मी समोर गेलो. काका गृहपाठाच्या वह्या तपासत होते.

"काका, तो नियम खरा नाही. साहेबांनी—"

"तुझ्या बापाने म्हटलं असतं तर मी आणखी सहा वर्षं भांडलो असतो," ते वहीतून मान न काढता म्हणाले. "त्याच्याशी भांडता येतं. छापील कागदाशी काय भांडायचं? मी काय आता नवीन नियम शिकायचा नाही. खेळा तुम्ही."

मला खूप वाईट वाटलं. दोन माणसांची सहा वर्षांची अडलेली गोष्ट एका पोराने एकशे ब्याण्णव बाइटसाठी संपवली होती, आणि ते पोर मी होतो.

दोन रविवार गेले. बाबा कॅट घेऊन ओट्यावर बसायचे, एकट्याने पेशन्स लावायचे, अर्ध्यात मोडायचे. मला मध्यंतरी कायम झाल्याचं पत्र मिळालं. बाबांनी ते वाचलं, खाली ठेवलं, म्हणाले, "चांगलं झालं." तेवढंच.

तिसऱ्या रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"ती पहिली कॅसेट. तिच्यात ते विचारायचं ना?"

"हो."

"आता विचारत नाही?"

"नाही. त्याला आता माहीत असतं."

"मग काढलं कशाला?"

"जागा वाचली."

"किती?"

"एकशे ब्याण्णव बाइट." त्यांना कळेल असं काहीतरी मी शोधलं. "म्हणजे एका पोस्टकार्डावर मावेल एवढं."

"पोस्टकार्ड पंधरा पैशाला मिळतं," बाबा म्हणाले, आणि उठले.

त्यांनी कॅट खिशात घातला आणि तसेच अनवाणी रस्ता ओलांडला. मी आणि आई दारात उभे राहिलो, मग आई म्हणाली "चल," आणि आम्हीही गेलो. काका ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर त्यांनी खाली केला नाही.

"सहादू," बाबा म्हणाले. "कोणाच्या नियमाने?"

काकांनी पेपरचं पान उलटलं. कुसाकाकू दारात येऊन थांबल्या. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. तीन हजारांपैकी दोनशेच्या आसपास आलो असेन, तेव्हा बाबा ओट्यावर मांडी घालून बसले, खिशातून पत्ते काढले आणि पिसायला लागले.

तिथे असलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ माहीत होता. डाव रद्द झाला तरच बाबांनी पिसायचं होतं. फिकट आणि निळे पत्ते एकमेकांत जात होते, दोन पत्ते खाली पडले. काकांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला. भिंतीला टेकले.

"नीट पिस," काका म्हणाले. "सहा वर्षांत चिकटलेत ते."

बाबांनी नीट पिसले आणि उजवीकडून वाटले. आई आणि काकू आपापल्या जागी बसल्या होत्या. मला खालची, वरची, कुठलीच जागा नव्हती, म्हणून मी पायरीवर बसलो. काकांनी तेरा पानं हातात लावली, पुढची मागे केली, मागची पुढे केली आणि वर न बघता विचारलं, "आणि समज पुंजा, आज परत दोन-दोन झाल्या, तर?"

बाबा बोटात पान धरून बसले होते. बराच वेळ बसले.

"झाल्या तर विचारीन तुला," ते म्हणाले, आणि भलतंच पान टाकलं.